पकडता येतं, आता सोडायला शीक

पत्र असं आहे :

"सुभेदार साहेब, जय हिंद. मी सातारा जिल्ह्यातला. अग्निवीर आहे, भरती होऊन दोन वर्षं होत आली. गावाकडं कबड्डी खेळायचो, डावा कोपरा. तालुक्यापर्यंत खेळलोय. आमच्या इथं फॉर्मेशनच्या, म्हणजे अनेक युनिटांच्या मिळून होणाऱ्या, रग्बी टीमसाठी दीड महिन्यानं ट्रायल आहेत अशी नोटीस लागलीय. रग्बी मी कधी खेळलो नाही, मोबाइलवर बघितलीय. कबड्डी येत असल्यामुळं पकड जमेल असं वाटतं. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. आमच्या सेक्शनचे हवालदार म्हणतात, खेळाडू म्हणजे कामचुकार, इंग्रजांच्या खेळात काय ठेवलंय, हातपाय मोडला तर चार वर्षांनी घरी बसशील. आईला अजून सांगितलेलं नाही. हिंदी जेमतेम येते म्हणून मैदानात बोलायला लाज वाटते. मी जावं का? ट्रायलला नेमकं बघतात काय?

ता. क. दहा दिवसांपूर्वी पोरांपोरांत सराव करताना एकाचा गुडघा डोक्याला लागला. डोळ्यांपुढं अंधारी आली, दोन दिवस डोकं दुखलं. आता अधूनमधूनच दुखतं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर ट्रायलला उभं करणार नाहीत."

बाळा, जय हिंद.

ट्रायलबद्दल तू जे विचारलंस त्याची उत्तरं देतो, पण आधी ताजा कलम. एवढी मोठी गोष्ट तू सगळ्यात शेवटी, सही करून झाल्यावर लिहिलीस. म्हणजे ती तुलाही खुपते आहे.

उद्या सकाळी सिक रिपोर्टमध्ये, म्हणजे आजाऱ्यांच्या यादीत, नाव दे आणि एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जा. डॉक्टरांना जसं घडलं तसं सांग : कोणत्या दिवशी लागलं, कुठं लागलं, अंधारी किती वेळ होती, ओकारी आली का, उजेड खुपतो का, झोप नीट लागते का, वाचताना अक्षरं हलतात का, उगीच चिडचिड होते का. "थोडं लागलं होतं" असं मोघम बोलू नकोस. याला कन्कशन म्हणतात, आणि ते व्हायला माणूस बेशुद्ध पडावाच लागतो असं नाही. बहुतेक जण बेशुद्ध पडत नाहीत. म्हणून तर ते लपवता येतं. मेंदूला बसलेला धक्का डोक्यावर टेंगूळ आलं नाही म्हणून कमी होत नाही, आणि पहिला धक्का पुरता निवलेला नसताना दुसरा बसला तर तुझ्या वयाच्या पोरांच्या जिवावर बेतल्याचे दाखले आहेत. दहा दिवसांनंतरही अधूनमधून दुखतंय याचा अर्थ ते अजून निवलेलं नाही.

आता तुझी भीती. सांगितलं तर ट्रायल जाईल, हेच ना? मग माझ्याबरोबर हिशोब कर. आंतरराष्ट्रीय रग्बी संघटनेचा साध्या, हौशी खेळाडूंसाठीचा दंडक असा आहे : लागल्यावर त्या दिवशी खेळ बंद. पहिले एक-दोन दिवस आराम, नंतर चालणं, मग हलकं पळणं, मग चेंडूचा सराव, असं पायरीपायरीनं वर. चौदा दिवस कसलाही त्रास नसेल तेव्हाच अंगाला अंग लावायचं. आणि लागल्यापासून एकवीस दिवसांच्या आत सामना नाहीच. तुझ्याकडं दीड महिना आहे. या आठवड्यात दुखायचं थांबलं आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, तर ट्रायलच्या आधी तुझ्या हातात दोन-तीन आठवडे पकडीच्या सरावाला उरतात. म्हणजे खरं बोलून तुझा एक दिवसही वाया जात नाही. नाही थांबलं, तर या वेळची ट्रायल सोडायची. ट्रायल पुढच्या हंगामातही होईल, आणि तोवर तुझी नोकरी शिल्लक आहे.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा युनिटच्या टीममध्ये खेळायचो आणि एका संध्याकाळी माझंही डोकं असंच आपटलं. मीही कुणाला बोललो नाही, कारण चार दिवसांवर सामना होता. त्याच रात्री माझी गार्ड ड्युटी होती. पहाटे दोनच्या सुमाराला अंधारातून कुणीतरी चालत आलं, मी "थम" म्हणालो, आणि पुढचा परवलीचा शब्द मला आठवेना. संध्याकाळी दहा वेळा घोकलेला शब्द. हातात भरलेली रायफल, समोर माणूस, आणि डोक्यात नुसतं धुकं. आलेला माणूस आमचाच गार्ड कमांडर होता आणि त्यानं आवाज ओळखला म्हणून निभावलं. त्या रात्री माझ्या हातून काहीही होऊ शकलं असतं. ती चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नाही. तू फायरिंगला जातोस, पहाऱ्यावर उभा राहतोस. तुझं डोकं तुझ्या एकट्याचं नाही, पोरा. तुझ्या मागं झोपलेल्या सेक्शनचं आहे.

आणखी एक गोष्ट, कामाची. परवानगीनं, रीतसर चाललेल्या खेळात दुखापत झाली तर फौजेत ती ड्युटीवरची समजली जाते. पण तिची नोंद असावी लागते. पोरांपोरांत, कुणाला न सांगता झालेल्या दुखापतीची कुठं नोंद नसते. पुढं दहा वर्षांनी त्रास झाला तर कागद बोलतो, आपण नाही. म्हणून यापुढं सरावही उस्तादांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, नजरेखाली, गेम्स परेडलाच, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या वेळेलाच करायचा.

आता तो गुडघा तुझ्या डोक्याला का लागला ते सांगू? मी तिथं नव्हतो, तरी पैज लावून सांगतो. तू पट काढायला गेलास. कोपऱ्यावरची जुनी सवय. चढाईवाला वळला की खाली वाकून मांडीला मिठी मारायची, आणि त्या घाईत डोकं त्याच्या पुढ्यात जातं. कबड्डीत ते चालून जातं, कारण चढाईवाला दोन पावलं मागं सरकत असतो, त्याच्या अंगात वेग नसतो, आणि तुझ्याबरोबर साखळीतले तीन जण त्याच्यावर पडतात. रग्बीत नव्वद किलोचा माणूस तीस मीटर पळत तुझ्या अंगावर येतो. त्याच्या पुढ्यात डोकं घातलंस तर गुडघा किंवा मांडीचं हाड बसणारच.

म्हणून पहिला धडा : डोकं नेहमी त्याच्या पाठच्या बाजूला. तो तुझ्या उजवीकडून जात असेल तर तुझा उजवा खांदा त्याच्या मांडीला, आणि तुझा गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला. डोळे उघडे, हनुवटी वर, मान ताठ. डोळे मिटले की मान खाली जाते आणि मान खाली गेली की डोक्याचा वरचा भाग पुढं येतो. याचा सराव आधी दोघांनी गुडघ्यावर बसून करायचा, मग चालत, मग हळू पळत. चालत्या माणसाला शंभर वेळा बरोबर पकडलंस की मगच पळत्याला हात लाव. गुडघ्यावर बसून सराव करायला लाज वाटते हे मला ठाऊक आहे. आमच्या पिढीनं ती लाज बाळगली आणि खांदे निखळवून घेतले.

तू लिहितोस, पकड जमेल. अर्धी जमेल. खाली बसणं, पायावर नजर ठेवणं, घोट्यापासून मांडीपर्यंत कुठंही हात घालून न घाबरता पडणं, हे तुला येतं आणि शहरातल्या पोरांना ते शिकवायला आम्हाला महिने लागतात. पण कबड्डीतल्या तुझ्या काही सवयी इथं गुन्हा ठरतील. डॅश. खांद्यानं उडवून माणसाला रेषेबाहेर काढलं की कबड्डीत टाळ्या पडतात. रग्बीत दोन्ही हातांनी मिठी न मारता नुसता खांदा दिलास तर पंच शिट्टी वाजवतो आणि दंड तुझ्या टीमला. खांद्याच्या रेषेच्या वर हात गेला, गळ्याला लागला, तर कार्ड. पिवळं कार्ड म्हणजे पंधरा जणांच्या खेळात दहा मिनिटं बाहेर, सात जणांच्या खेळात दोन मिनिटं, आणि ती दोन मिनिटं सहा जणांनी काढायची. कोपऱ्यावरचा माणूस तसाही खाली खेळतो म्हणून तुला हे जड जाणार नाही. तरी मनात धर : छातीच्या खाली, दोन्ही हात, पाठीमागं डोकं.

आणि सगळ्यात मोठी सवय, जी मोडायला तुला खरा त्रास होईल. कबड्डीत पकडलं की धरून ठेवायचं. मध्यरेषेला त्याचं बोट लागू नये म्हणून शिट्टी होईपर्यंत जीव गेला तरी सोडायचं नाही. तुझ्या हाडात ते मुरलंय. रग्बीत माणूस जमिनीवर आला की त्याच क्षणी सोडायचं. हात मोकळे, बाजूला लोळून निघायचं, आणि उठायचं. खाली पडलेल्यानंही चेंडू लगेच सोडायचा असतो. तू धरून बसलास तर तू बेकायदा, आणि तुझी इतकी छान पकड दंडात जाते. मी कबड्डीतून आलेली जी पोरं शिकवली, त्यांतल्या जवळपास प्रत्येकानं पहिल्या सामन्यात हाच दंड दिला. एकाला तर समजेना, म्हणाला, "उस्ताद, पकडला तर मीच, मग चूक माझी कशी?"

पण सोडून झटकन पायावर उभा राहिलास, की तुझ्यासारख्यासाठी सोन्याचं दार उघडतं. पकडणारा सोडून पायावर आला की त्याला जमिनीवरच्या चेंडूवर हात घालायचा हक्क असतो. समोरची पोरं पोचायच्या आत खाली वाकून, पाय रुंद ठेवून, दोन्ही हातांनी चेंडू उपसायचा. समोरचा सोडत नसेल तर दंड त्याला. ही जागा उंच धिप्पाड माणसाची नव्हे, खाली बसता येणाऱ्याची आहे. कोपऱ्यावर तू वर्षानुवर्षं जी बैठक लावलीस तीच ही बैठक. ६४ किलोची काळजी त्यामुळं सोड. पंधरा जणांच्या खेळात पुढच्या फळीत कुणी तुला उभं करणार नाही हे खरं, पण नऊ नंबरवर, म्हणजे गर्दीतून चेंडू काढून बाहेर देणाऱ्या जागेवर, जगभर बुटकी, चपळ माणसं खेळतात. सात जणांच्या खेळात तर मैदान तेवढंच, माणसं निम्म्याहून कमी. तिथं पळणाऱ्याला भाव. तो डाव सात-सात मिनिटांचा असतो. ऐकायला थोडा वाटतो, पण सातव्या मिनिटाला छाती फुटते की काय असं होतं.

पळण्यात तुझा पाया चांगला असणार. भरतीला १.६ किलोमीटर पळालास, दोन वर्षं फौजेची शारीरिक परीक्षा देतोयस. पण ते एका लयीत, सरळ पळणं. रग्बीत पळ, थांब, वळ, पड, उठ, परत पळ. त्यासाठी एक परीक्षा आहे, तिला ब्रॉन्को म्हणतात, साधी आणि निर्दयी. मैदानात शून्य, वीस, चाळीस आणि साठ मीटरवर खुणा कर. वीसला जाऊन परत, चाळीसला जाऊन परत, साठला जाऊन परत, ही एक फेरी २४० मीटरची. अशा पाच फेऱ्या न थांबता. एकूण १२०० मीटर. पाच मिनिटांच्या आत संपवलंस तर तू ट्रायलला उभा राहायच्या लायकीचा आहेस. डॉक्टरांनी पळायला परवानगी दिल्यानंतर आठवड्यातून एकदाच कर आणि वेळ वहीत लिही. रोज करशील तर पाय सांगणार नाहीत, गुडघे सांगतील.

पहिल्या आठवड्यांत अंगाला अंग लावायचं नाही, ते चेंडूसाठी वापर. खरं तर तुझं नशीब म्हण, कारण नवी पोरं पकडीच्या नादात चेंडू शिकतच नाहीत आणि ट्रायलला तिथंच उघडी पडतात. गेम्स स्टोअरमधून चेंडू सही करून घे. अंडाकृती चेंडू, जेमतेम तीस सेंटिमीटर लांब, ४१० ते ४६० ग्रॅम वजनाचा. पुढं फेकायचा नाही, एवढा एक नियम तुझी जन्माची सवय उलटी करतो. पुढं जायचं, पण चेंडू मागं किंवा आडवा द्यायचा. एका दोस्ताला बरोबर घे. पाच मीटरवर उभे राहा आणि द्या-घ्या करा. शंभर उजवीकडून डावीकडं, शंभर डावीकडून उजवीकडं. तुझा एक हात आळशी निघेल, त्या बाजूनं दीडशे. घेताना दोन्ही तळवे आधीच पुढं, बोटं पसरलेली, छातीवर आदळू द्यायचा नाही. उभं राहून जमलं की चालत, मग पळत. शेवटी ओल्या चेंडूनं, कारण पावसात ट्रायल झाली तर कोरड्या चेंडूचा सराव फुकट.

ट्रायलला काय बघतात? मी काही वेळा त्या खुर्चीत बसलोय, म्हणून सांगतो. पन्नास-साठ पोरं येतात. पहिल्या वीस मिनिटांत सगळ्यांनाच आपली ताकद दाखवायची असते. मोठी पकड, मोठी धडक. आम्ही ते बघतो, पण वहीत लिहीत नाही. आम्ही बघतो, पकड झाल्यावर हा जमिनीवर किती वेळ असतो. एक, दोन, तीन मोजायचं. तीनच्या आत उठला तर नावापुढं खूण. दोस्ताला मोजायला सांग आणि स्वतःची सवय लाव. मग बघतो, ज्या बाजूला चेंडू नाही तिथं हा काय करतोय. कमरेवर हात ठेवून उभा आहे की पळत आधाराला जातोय? चूक झाली की आकाशाकडं बघतो की परत जागेवर पोचतो? पंचाच्या शिट्टीनंतर तोंड वाजवतो का? रग्बीत पंचाशी फक्त कर्णधार बोलतो, तेही "सर" म्हणून. फौजेतल्या पोराला हे शिकवावं लागत नाही, तुझी ती जमेची बाजू आहे.

आणि बोलणं. इथं मला तुझ्याशी थोडं निक्षून बोलायचं आहे. गप्प खेळाडू रग्बीत आंधळ्यासारखा असतो. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला पाठीमागचं दिसत नाही, त्याला तुझा आवाज हाच डोळा. हिंदी जेमतेम येते म्हणून लाजतोस, पण मैदानाची भाषा दहा-बारा शब्दांची आहे : माय बॉल, लेफ्ट, राइट, अप, टाइट, आदमी मेरा, साथ हूँ. नागालँडचा, ओडिशाचा, पंजाबचा पोरगा हेच शब्द त्याच्या त्याच्या उच्चारात ओरडतो. तुझं ऐकून कुणी हसणार नाही. एका दमात "कबड्डी कबड्डी" घुमवणारा छातीचा भाता तुझ्याकडं आहे. सरावाला पास देतानाही मोठ्यानं ओरड, पहिल्याच दिवसापासून. ट्रायलच्या दिवशी आवाज आयत्या वेळी निघत नाही.

सामानाचं लवकर उरकतो. फुटबॉलचे स्टड चालतात, धार आलेले नकोत. दातांसाठी माउथगार्ड घे, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा असतो, त्यात काटकसर नको. नखं कापलेली. अंगठी, कडं, साखळी काहीही अंगावर नको. आईनं गळ्यात ताईत बांधला असेल तर तो काढून बॅगेत जपून ठेव. पंच तपासतोच, आणि ओढाताणीत दोरा तुझाच गळा कापेल.

हवालदारांचं. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी अशी पोरं पाहिली असणार जी टीमच्या नावाखाली महिनोन्‌महिने युनिटबाहेर राहिली आणि परत आल्यावर रायफल धड खोलता येईना. तशी होती, मीही पाहिलीत. त्या पोरांमुळं तुला बोलणी बसतायत. म्हणून अर्ज घेऊन थेट सीएचएमकडं, म्हणजे कंपनी हवालदार मेजरकडं, किंवा कंपनी कमांडर साहेबांकडं जाऊ नकोस. आधी हवालदारांकडंच जा. म्हण, "उस्ताद, ट्रायलला नाव द्यायचंय. माझी एकही ड्युटी चुकणार नाही, फायरिंग चुकणार नाही. तुमची परवानगी असेल तर अर्ज पुढं पाठवा." डोक्याला लागल्याचंही त्यांना तूच सांग, एमआय रूमकडून कळायच्या आत. चिडतील. चिडू देत. सेक्शन कमांडरला आपल्या पोराची दुखापत दुसऱ्याकडून कळणं हा त्याचा अपमान असतो. पुढचे दीड महिने गार्डवर, लंगरच्या फटीगला, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाला, कुठंही सगळ्यांत आधी फॉल-इन हो. तोंडानं उत्तर देण्यापेक्षा त्यांना ते दिसू दे.

इंग्रजांचा खेळ म्हणाले. बरोबर आहे, आणि तो आपल्याकडं आला फौजी लोकांबरोबरच. कलकत्त्यात २५ डिसेंबर १८७२ ला, ख्रिसमसच्या दिवशी, पहिला सामना झाला, पुढल्याच वर्षी तिथं क्लब उभा राहिला. पण गोऱ्या पलटणी मायदेशी गेल्या, खेळाडू आटले आणि चार-पाच वर्षांत क्लब मिटला. तेव्हा क्लबच्या उरलेल्या सभासदांनी बँकेतले चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि हिंदी कारागिरांकडून एक चषक घडवून घेतला. त्याला तीन नागांच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. तोच कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्याच्यासाठी लढतात. मला त्या नागांचं नेहमी कौतुक वाटतं. आपल्या रुपयांची चांदी, आपल्या माणसांच्या हातची कारागिरी. आणि आज तर भारतीय रग्बी संघटनेचा कारभारच मुंबईतून चालतो, आझाद मैदानाशेजारच्या जिमखान्यावर रग्बी पिढ्यान्‌पिढ्या खेळली जाते, २०१६ पासून सात जणांचं रग्बी ऑलिंपिकमध्ये आहे, गुजरातला २०२२ ला आणि गोव्यात २०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत होतं, आणि जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात मोठी व्यावसायिक लीगही झाली. हवालदारांना हे ऐकवायला जाऊ नकोस, वाद होईल. तुझ्या माहितीसाठी सांगितलं.

"चार वर्षांनी घरी बसशील", हे मात्र तुझ्या मनाला लागलेलं दिसतं. इथं मी तुला गोड बोलणार नाही. चार वर्षांनी तुमच्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पोरांना ठेवून घेतात. फॉर्मेशनच्या टीमची जर्सी मिळाली म्हणून त्या पंचवीसात जागा पक्की होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. खेळाच्या जोरावर थेट हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणून घेतात ती दारं आधीच देशपातळीवर नाव काढलेल्यांची. तुझं नाही ते अजून. तुला ठेवून घ्यायचं की नाही हे ठरताना तुझं एकूण काम बघणार, त्यात तुझी शारीरिक परीक्षा, फायरिंग, वागणूक, शिस्त सगळं येतं. खेळाची नोंद तुझ्या कागदात कशी धरली जाते हे कंपनी क्लार्कला जाऊन विचार, तो दहा मिनिटांत दाखवेल. पण नोकरी टिकवण्याचा डावपेच म्हणून रग्बीकडं जाशील तर पहिल्याच थंडीत, चिखलात, तोंड जमिनीत रुतल्यावर तुझं मन उठेल. खेळावंसं वाटतं म्हणून जा. तुझ्या पत्रात ते वाटणं आहे, नाहीतर कबड्डीचा कोपरा तू इतक्या मायेनं लिहिला नसतास.

आणि पुढं वाट आहे. युनिट, फॉर्मेशन, कमांड. त्याच्या वर आर्मीची टीम. नेव्ही आणि एअर फोर्सशी गाठ पडते, आणि सगळ्यांतून निवडलेला सर्व्हिसेसचा संघ राष्ट्रीय स्पर्धांना जातो. पायऱ्या पुष्कळ आहेत. तू पहिलीवर पाय ठेवतोयस, शेवटचीकडं आत्ताच बघत बसू नकोस.

राहिली आई. तिला फोन कर, आणि ट्रायलच्या आधी कर. पोराला फौजेत धाडलेल्या बाईला तू इतकं नाजूक समजू नकोस. तिला रग्बी म्हणजे काय ते माहीत नसेल, मग कोणीतरी मोबाइलवर धडकांचा व्हिडिओ दाखवेल आणि ती रात्र-रात्र जागेल. तूच सांग : कबड्डीसारखंच आहे आई, फक्त मैदान मोठं आणि हातात चेंडू. डोक्याला लागल्याचंही सांग, पण एमआय रूमला जाऊन आल्यावर. म्हणजे ती "दाखवलंस का?" म्हणेल तेव्हा तुझ्याकडं उत्तर असेल.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला लिही. तारखा घालून लिही, दुखायचं कोणत्या दिवशी थांबलं ते नक्की लिही. तिथून चौदा दिवस मोजू, आणि त्यानंतरच्या पकडीच्या सरावाचं मी तुला आठवड्या-आठवड्याचं लिहून पाठवतो. तोवर चेंडू हातात ठेव, अंगाला हात लावू नकोस.

तुझा,
सुभेदार काका